तिसऱ्या पंगतीतल्या दोघी

मुलीच्या लग्नाचा केटरर ठरवायचा म्हणून मी एका परक्या लग्नात जाऊन जेवून आले. बोलावणं केटररचंच होतं. "ताई, तोंडानं सांगून काय उपेग? शनवारी वाशीला माझं काम हाय. या, जेवा, मंग बोला." हा माणूस मूळचा खाडीकाठच्या गावातला. शेती गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या, आणि याने भांडी घेऊन धंदा मांडला. बोलायला फार गोड. गोड बोलणाऱ्याचं सगळं मी दोनदा तपासते. बावीस वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये माल उतरवून घेतला की ही सवय लागतेच. चलनावर शंभर लिहिलेत म्हणून गाडीत शंभर आहेत असं मी धरत नाही.

लग्नाचं ठरलं तेव्हा बैठकीत दोन्ही घरांचं एकमत झालं होतं. हॉलचा खर्च निम्मा-निम्मा, आणि जेवण ज्याची माणसं त्याचं. आमच्या वाट्याच्या पैशांत मुलीची स्वतःची साठवण होती, आणि तिच्यातूनच खांदेश्वरच्या भाड्याच्या फ्लॅटचं डिपॉझिट जायचं होतं. लग्न रविवारी, डिपॉझिट मंगळवारी. मंगळवार चुकला तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं घरमालकाने तोंडावर सांगितलं होतं. फ्लॅट गेला तर दोघांनी जावयाच्या आईवडिलांच्या वन बीएचकेत राहायचं, हॉलमधल्या सोफ्यावर, आणि धाकट्या दिराने त्याच हॉलमध्ये खाली. त्यामुळे आमच्या बाजूची ताटं दीडशेच्या वर जाता कामा नयेत, हे मी आणि मुलीने पक्कं केलं होतं. कर्ज काढायचं नाही, माझ्या भावापुढे हात पसरायचा नाही, हेही तिचंच म्हणणं. "आई, ताटं वाढली की आमचं घर गेलं," ती म्हणाली. आमच्या ह्यांनी मान डोलावली. लग्नाच्या एकूण कामात त्यांचा वाटा एवढाच.

वाशीच्या त्या लग्नाला मी धाकट्या नणंदेला बरोबर घेतलं. तिने पैठणी काढली.

"अगं, आपण जेवण तपासायला चाललोय. साधी नेस."

"वहिनी, साधी नेसलं की लोक विचारतात, कोण तुम्ही. भारी साडीला कोणी विचारत नाही."

तिचं बरोबर होतं. कोणी विचारलं नाही. बुफे होता. मी प्रत्येक पदार्थ चमचाभर घेतला. पुरी तेलकट नव्हती, अळूच्या भाजीत शेंगदाणे शिजलेले होते, मठ्ठा पाणचट नव्हता. मसालेभातातले काजू शोधत असताना समोर नवरीची आई येऊन उभी राहिली. घामाने कुंकू ओघळलेलं, पर्स काखेत घट्ट दाबलेली.

"मुलाकडच्या ना आपण? काही कमी नाही ना?"

"छे छे, सगळं उत्तम," नणंद तोंडात भजी असतानाच म्हणाली.

"अहो, जिलेबी घेतलीच नाहीत!" असं म्हणत त्या बाईंनी स्वतः चिमट्याने दोन जिलेब्या माझ्या ताटात घातल्या, हात जोडले आणि पुढच्या घोळक्याकडे गेल्या. मुलाकडचं माणूस नाराज होऊन जायला नको, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होती. मी जिलेबी खाल्ली. कुरकुरीत होती.

मग मात्र मी ताटाऐवजी माणसं बघायला लागले. खांबापाशी एक जोडपं असंच चमचा-चमचा घेऊन चव बघत होतं. आइसक्रीमपाशी तिघं होती, त्यांच्यातली एक बाई मोबाइलवर पदार्थांचे फोटो काढत होती. केटररने दोन्हीकडच्यांना लांबूनच मान हलवून ओळख दिली. मी त्याला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"आमच्या या ताटांचे पैसे कोण देतं?"

"काय ताई! तीनशे मान्सांत दोन ताटं कुटं दिसतात?"

"दोन नाहीत, सात आहेत. ते खांबापाशी दोघं, आणि पलीकडे तिघं."

तो हसला. "तुमी पोलिसात व्हत्या काय?"

"स्टोअरमध्ये."

रिक्षात नणंद म्हणाली, "जेवण छान होतं हं, वहिनी."

"छान होतं, म्हणून यालाच काम देणार. आणि म्हणूनच आपल्या लग्नातही सात जण छान जेवून जाणार, आपल्या पैशांनी."

त्या नवरीच्या आईला सांगायला हवं होतं, असं नणंदेचं म्हणणं पडलं. काय सांगणार होतो आम्ही? तुमच्या ताटावर जेवलो आणि आता तुम्हाला सावध करतो?

केटररने मला शब्द दिला. "तुमच्या लग्नात बाहेरचा एक मानूस येनार नाय, आईशपत." शपथ घेतली म्हणून मी माल उतरवून घेत नाही. मी त्याला सांगितलं, बुफे नको, टेबल-पंगत हवी. बुफेत माणूस फिरतो, कोण कितव्यांदा काय घेतंय कळत नाही. पंगतीत तो बसतो, आणि बसलेला माणूस मोजता येतो. तो म्हणाला, वाढपी जास्त लागतील, टेबलं लागतील. मी आइसक्रीम आणि एक भाजी कापली. आठवडाभर ओढाताण करून भाव पूर्वीच्याच ठिकाणी आणला.

आता विहीणबाईंना सांगायचं होतं. मी फोन केला.

"पंगत? का हो? तुमच्याकडे तशी पद्धत आहे का?"

"आहे ना," मी ठोकून दिलं.

"असं? बैठकीत बोलला नव्हतात. एका पंगतीत किती बसतात?"

"साठ. पहिल्या दोन पंगती तुमच्या माणसांच्या. मग आमच्या."

"आमची एकशे दहा. म्हणजे दहा जागा उरल्या. त्या कुणाच्या नावावर?"

"कुणाच्याच नाही. मोकळ्या राहतील."

"बरं. तेवढं आधी स्पष्ट असलेलं बरं."

मी फोन ठेवला. बाई माझ्यासारखीच निघाली होती, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. आपण ज्या नजरेने जगाकडे बघतो त्याच नजरेने कोणी आपल्याकडे बघितलं की फार राग येतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी मुलगी मुंडावळ्या बांधून घेता घेता म्हणाली, "आई, आज कुणाला काही विचारत सुटू नकोस. प्लीज."

"मी कशाला विचारीन?"

"विचारशील. मला माहीत आहे."

मुहूर्त वेळेवर लागला. पहिल्या दोन पंगती नीट उठल्या, एकशे दहाच्या एकशे दहा. मी जेवणाच्या हॉलच्या दारात उभी राहून प्रत्येकाला या, बसा म्हणत होते आणि मनात मोजत होते. आमच्या शेजारच्या इमारतीतले एक काका माझ्यापाशी थांबून म्हणाले, "किती वर्षांनी पंगत बघितली! मुद्दाम परंपरा जपलीत, कौतुक आहे तुमचं." मी त्यांना हसून पुढे पाठवलं. ते आमच्या बाजूचे एकोणिसावे होते.

तिसरी पंगत बसली, ती आमची. वाढप सुरू झालं आणि नणंद माझ्या कानाशी आली.

"वहिनी, कडेच्या त्या दोघी बघ. आपल्यासारख्याच जेवतायत."

दोन बायका, माझ्याच वयाच्या. एकीला चष्मा. मी दोघींनाही ओळखत नव्हते. चष्मेवालीने पुरी उचलली, उलटी करून खालची बाजू बघितली, बोटांना तेल लागतंय का ते पाहिलं. दुसरीने मसालेभात चिवडून काजू वेगळे केले. नातेवाईक नावं ठेवतात, पण ती जेवून झाल्यावर. पुरीची खालची बाजू कोणी नातेवाईक बघत नाही. मी केटररकडे पाहिलं. तो एकाएकी खाली वाकून गॅसच्या सिलिंडरचा पाइप तपासायला लागला.

पलीकडे स्टेजवर फोटो चालले होते. दोन हॉलमधलं सरकतं दार उघडंच होतं, त्यामुळे मुलीला मी दिसत होते. तिने मान अगदी थोडी हलवली. नको, असं. मी बघितलं, आणि तरी गेले.

"नमस्कार. आपण कुणाकडच्या?"

चष्मेवालीचा घास हातातच राहिला. "मुलाकडच्या."

"मुलाकडच्या पंगती झाल्या की."

आजूबाजूच्यांचे हात थांबले. माझी वहिनी समोरच बसली होती, तिने पदर तोंडाशी नेला. दुसरी बाई खुर्ची मागे सरकवून उठायला लागली. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"आमच्याच आहेत त्या."

विहीणबाई होत्या. त्यांनी आधी त्या दोघींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्टेजकडे. "मागे राहिल्या होत्या. बसा हो, जेवा. अरे, मठ्ठा आणा इकडे!"

दोघी बसल्या. बाकीचे पुन्हा जेवायला लागले. विहीणबाई माझ्या दंडाला धरून मला दारापर्यंत घेऊन आल्या आणि निघून गेल्या. मी त्यांना त्या दोघींची नावं विचारली असती तर त्यांना सांगता आली असती का? मला नाही वाटत. त्या दोघींशी विहीणबाई दिवसभरात पुन्हा एक शब्दही बोलल्या नाहीत, हे मी लक्ष ठेवून पाहिलं. पण दुसरंही मनात येतं. त्यांचा धाकटा लग्नाचा आहे. या बाईंनीच कुणाला जेवण तपासायला पाठवलं नसेल कशावरून?

चारच्या सुमाराला हॉलच्या मागच्या बाजूला हिशेबाला बसलो. केटररने कागद काढला. एकूण ताटं दोनशे अठ्ठावन्न, हे माझ्या मोजणीशी जुळत होतं. "आनि चौदा स्टाफची," तो हळूच म्हणाला. "वाढपी, फोटोवाले."

ही चौदा दोन्ही घरांत निम्मी-निम्मी वाटली तरी मी दीडशेच्या वर जात होते. मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "वाढपी कुणाचे? तुमचे. मग त्यांना जेवू कोण घालणार?"

"सगळीकडं तसंच असतं, ताई."

"कागदावर दाखवा. कुठे लिहिलंय?" हे मी म्हणाले.

"फोटोवाले तिघं आमचे. तेवढेच धरा," त्या म्हणाल्या.

तो एकदा त्यांच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. शेवटी त्याने अकरा ताटं खोडली. फोटोवाल्यांची तीन विहीणबाईंनीच आपल्या बाजूला घेतली, कारण फोटोग्राफर त्यांच्या ओळखीचा होता. मग त्यांनी पर्स उघडली. "आमची एकशे बारा, आणि ही तीन."

एकशे दहा नव्हे, एकशे बारा. माझी एकशे शेचाळीस राहिली. त्या दोघी माझ्या पंगतीत बसल्या होत्या, माझ्याकडे धरा, असं म्हणायला मला भरपूर वेळ होता. दोन ताटांनी डिपॉझिट बुडणार नव्हतं, हेही मला तेव्हाच कळत होतं. मी एकशे शेचाळीसचेच पैसे मोजून दिले.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी मुलगी रडली नाही, मीही नाही. ती एवढंच म्हणाली, "विचारलंसच ना शेवटी?" आणि मग, "उरले का?"

"उरले."

मंगळवारी खांदेश्वरला डिपॉझिट द्यायला मुलगी आणि जावई निघाले, तेव्हा मीही गेले. करारनामा वाचायला कोणीतरी लागतंच. फ्लॅटचं दार उघडलं तर आत विहीणबाई आधीच हजर. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्या खिडक्यांच्या कड्या एकेक लावून बघत होत्या. मी मीटरचं रीडिंग लिहून घेतलं, बाथरूमचे नळ सोडून पाहिले. त्या दोघींबद्दल तेव्हा विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर मिळालेलं उत्तर खरं की खोटं, तेही शोधत बसावं लागलं असतं.

"विहीणबाई, इकडे या जरा," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "सिंक बघा. इथे तुंबणार."

मी खाली वाकून हात घातला. पाइपच्या तोंडाशी सिमेंट साचून घट्ट झालं होतं. मालक म्हणाला, नंतर करून देतो, पैसे द्या आणि किल्ली घ्या. मुलीने पर्समध्ये हात घातला होता. आम्ही दोघीही एकदमच तिला थांब म्हणालो. प्लंबर येईपर्यंत रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर बसलो, आणि सिंकमधून बादलीभर पाणी सरसर खाली गेलेलं डोळ्यांनी पाहिल्यावर पैसे दिले.