आबांचं ओव्हर

दुसऱ्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत तोंड न उघडणारं माणूस अख्ख्या खानदेशात एकच निपजलं, आणि तेही आता जमिनीवर राहिलेलं नाही. अमळनेरची, माझ्या शेजारची ही मुलगी सध्या अंतराळस्थानकात मुक्कामाला आहे.

हा सगळा हॅम रेडिओचा प्रताप. या हौशी लोकांच्या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बटण दाबून बोलायचं, संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं, बटण सोडायचं आणि मग समोरच्याचं ऐकायचं. बाकीचे हा नियम गच्चीवर रेडिओपाशीच ठेवून खाली येतात. हिने तो घरात आणला. आई "जेवायला ये" म्हणाली की ही ‘ओव्हर’ची वाट बघत बसायची आणि भाकरी गार व्हायची. कपड्यांची तार तिने एरियलला पळवली, तेव्हा त्यांचं धुणं महिनाभर आमच्याकडे वाळलं. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं संपताच तिने भटजींना रेडिओवर कळवतात तसं गंभीरपणे कळवलं, "आवाज स्पष्ट, थोडी खरखर आहे." मलाही तिने दटावून हॅमच्या परीक्षेला बसवलं आणि परवाना घ्यायला लावला.

तिचे वडील आबा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. धुळ्याला गेलेलं माणूस संध्याकाळी परत यावं, एवढाच त्यांचा हिशेब. ती अंतराळवीर व्हायला निघाली तेव्हा त्यांनी बोलणं टाकलं. तीन वर्षं तिचा फोन आला की ते उठून अंगणात जायचे. यान उडालं आणि म्हातारा खचला. एका सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाले, "त्या डबडावर मन्ही पोर बोलस ना? माले बोलनं शे."

स्थानक आमच्यावरून जातं तेव्हा जेमतेम दहा मिनिटं मिळतात. ठरल्या संध्याकाळी तिचा आवाज आला आणि मी माइक आबांच्या हातात दिला. त्यांनी बटण दाबलं.

"जेवनी का व माय? आठे बठ्ठं बरं शे."

इकडचं सगळं बरं असल्याचं असं सांगून झालं, आणि मग ते बोलतच सुटले. आईचे गुडघे, दारातला लिंब, तीन वर्षांचं साठलेलं सगळं. बटण काही सुटेना, आणि ते सुटल्याशिवाय तिचा आवाज येणार नव्हता. मी हात पुढे केला, पण त्यांना थांबवणं मला जमलं नाही. त्यांनी अंगठा उचलला तेव्हा दहा मिनिटं संपून नुसती खरखर उरली होती.

"काहीच बोलनी नही ती," आबा म्हणाले. "अजून रागमा शे."

दुसऱ्या दिवशी तिचा ईमेल आला. मी तो आबांना वाचून दाखवला: "आवाज पुसट होत गेला तरी शेवटपर्यंत ऐकत होते. मधे बोलले नाही. आबांनी ओव्हर म्हटलं नव्हतं."

आबांनी तो पुन्हा वाचायला लावला. उपरण्याने डोळे पुसले आणि वर एरियलकडे बघितलं.

"मंग ते म्हनानंच नही," ते म्हणाले. "ऐकू दे तिले."