सुखरामला लिहिलेली चिठ्ठी

ब्रह्मदेशात आमची कंपनी एका टेकडीवर होती. मी सिग्नलर. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणं, सातला चहा, मग दिवसभर वायरलेस सेट. खालच्या पिकेटवर, म्हणजे पुढच्या चौकीवर, सहा जवान घेऊन लान्स नाईक सुखराम होता. मी तिरोड्याचा, तो नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावचा. त्याच्या गावात शाळा नव्हती आणि त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. लढाईच्या धांदलीत परीक्षा न होताच बढतीची फीत मिळाली. घरची पत्रं मी वाचून दाखवायचो. मधेच मुद्दाम थांबलो की गडी चिडायचा.

"कोनाले सांगू नोको. फीत जाईन," एवढंच त्याचं मागणं होतं. मी तोंडाला कुलूप लावलं.

एका सकाळी दहाला त्याचा सेट बंद पडला. कंपनी कमांडरसाहेबांनी मला चिठ्ठी लिहायला सांगितली: अकराला माघारी निघा. नाल्यानं या. पायवाटेवर सुरुंग आहेत. साहेबांना खरं सांगावं का? नाही सांगितलं. चिठ्ठी नेणाऱ्या रनरला मात्र बजावलं, चिठ्ठी वाचून दाखव.

रनर पावणेअकराला परतला. अकराला निघा, एवढं त्यानं तोंडी सांगितलं होतं. पुढचं वाचायला लागला, तर सुखरामनं जवानांसमोर चिठ्ठी ओढून घेतली. म्हणाला, "मले वाचता येते."

मी धावत जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. रनर पुन्हा सुटला. सुखरामचा सेट चालू होईल म्हणून मी माझ्या सेटचा हेडफोन कानाला दाबून घड्याळ बघत बसलो. अकरा वाजून सहा मिनिटांनी पायवाटेकडून स्फोट ऐकू आला. सुखराम सगळ्यांच्या पुढे होता. बाकीचे वाचले.

लढाई संपल्यावर त्याच्या गावी गेलो. तिथं शाळा मिळावी म्हणून मी अर्ज करणार होतो, त्यासाठी पोरांची नावं हवी होती. ढोरं कोण चारणार, असं म्हणत कुणी नाव देईना. मी चावडीवर चिठ्ठीची हकीकत सांगितली.

सुखरामची बायको भागरता उठून उभी राहिली.

"भाऊ, तुमाले मालूम होता ना?"

"होतं."

मला तिच्याकडे बघवेना. माझी चूक होती, आजही आहे.

"मंग मास्तर येतवर तुमीच शिकवा. माह्या पोरीचं नाव लिवा."

सोमवारी देवळाच्या ओसरीत अकरा पोरं बसली. हजेरीला बापाचं नाव जोडून घ्यायची पद्धत. मी पहिलं नाव घेतलं.

"यमुना सुखराम."

"हजर."