वांग्याच्या वाफ्यापर्यंतची रेषा

वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवतो. सरळ रेषेवरील गतीचे प्रकरण आले की फळ्यावर एक रेषा काढतो, तिच्यावर आरंभबिंदू घेतो आणि सांगतो, कण कुठे आहे एवढेच पाहू नका. त्याचे स्थान कसे बदलते आहे ते पाहा. त्या हिवाळ्यात ती रेषा माझ्या घरामागे होती.

अर्धांगाच्या झटक्यातून उठलेली आई मागच्या ओट्यावरून निघे आणि काठी टेकत वांग्याच्या वाफ्याकडे चाले. तिने जन्मभर भाजी पिकवून बाजारात विकली होती. त्या वाफ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जायचे, एवढेच तिला हवे होते. शेतात काम जिथे थांबते तिथे काडी रोवून घरी यायचे, ही आमच्याकडची रीत. म्हणून रोज ती थकली की मी तिथे पऱ्हाटीची, कपाशीच्या वाळल्या झाडाची, काडी रोवी.

"मास्तर, आई त पळून राह्यली!" कुंपणापलीकडून शेजारची काकू म्हणाली. "आता वांगे तोडाले मले नका बलावू."

"तुही फुकटची भाजी बंद होईन म्हणून रडून राह्यली काय वं?" आईने सुनावले.

काकू काड्या पाही; मी काड्यांमधले अंतर. प्रत्येक काडी पुढे होती, पण मागचीच्या अधिकाधिक जवळ. स्थानाचे विकलज, म्हणजे ते बदलण्याचा दर, हा वेग. तो धन होता. वेगाचे विकलज म्हणजे त्वरण. ते ऋण होते. घरात मी हे कोणालाही सांगितले नाही.

मग एका संध्याकाळी ती आदल्या दिवशीच्याच काडीपाशी थांबली. वेग शून्य झाला म्हणजे कण परत फिरतोच असे नाही, पुढचे चिन्ह तपासा, असे मी मुलांना बजावतो. मी तपासले. दुसऱ्या दिवशी ती त्या काडीपर्यंत पोहोचली नाही.

त्याच आठवड्यात वर्गात एका मुलीने नेहमीची चूक केली. "सर, त्वरण ऋण आहे, म्हणजे चाल कमी होते."

वेगही ऋण असेल, म्हणजे कण मागे येत असेल, तर चाल वाढते. मी फळ्यावरच्या रेषेवर आरंभबिंदूकडे परतणारा बाण काढला आणि तसे सांगितले.

पुढे आई ओट्यावरून उतरेनाशी झाली. वाफ्यातली वांगी जून होऊन पिवळी पडली.

"बाबू, त्या काड्या उपटून घे."

"राहू दे ना, आई."

"कोणाले दाखवाच्या हायत? चुलीत घाल. पाणी त तापन."

मी सर्वांत पुढच्या काडीपासून सुरुवात केली.