चपलांच्या रॅकवरची परेड

नोट देण्याआधी उल्हासकाका तिचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ करत. तिच्यावर सिंगापूरच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचा चेहरा असे. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, टिशूचं पाकीट ठेवून टेबल अडवत, आणि भरवसा नाही म्हणून शेजारी उभेही राहत. कुठे कुंडी दिसली की चिमूटभर माती उचलून बोटांत मळून बघत.

माती दिवाळीच्या किल्ल्यासाठी. बुकित पंजांगच्या फ्लॅटबाहेर कॉरिडॉर अडवायचा नाही, म्हणून किल्ला चपलांच्या रॅकवर. यशोधन लहान असताना एकदा शाळेतून येऊन म्हणाला, "बाबा, आपला प्रेसिडेंटपण ठेवू." त्याचा देश हाच होता. काकांनी हौसेने राष्ट्राध्यक्ष केले आणि किल्ल्यावरच्या मुख्य माणसाला बसवतात तसं थेट सिंहासनावर बसवलं.

पोरगा हसून लोळला. "व्हाय सिटिंग, बाबा? परेड लेह! मस्ट स्टँड!"

काकांनी पडांग मैदानावरच्या राष्ट्रदिनाच्या पहिल्या परेडचे फोटो शोधले. नवा देश, मूठभर फौज, मंचावर ताठ उभे राष्ट्राध्यक्ष. पण मातीचे पाय टिकेनात. स्मिताकाकू म्हणाल्या, "संधिवात झालाय तुमच्या राष्ट्राध्यक्षांना." शेवटी पायांत खराट्याच्या काड्या घातल्या.

मग यशोधनला होमवर्क असायचा. मग मित्र. काका एकटेच शिपाई करत बसायचे, दार मुद्दाम उघडं ठेवून. आतून कुणीतरी येईल आणि चूक काढेल, एवढीच आस.

यंदा यशोधन नॅशनल सर्व्हिसला, सक्तीच्या लष्करी सेवेला गेला. परवा कॅम्पमधून त्याचा फोन आला. "बाबा, दिवाळीला बुक आउट मिळतंय, घरी यायला सुट्टी. तुमच्या शिपायांचा सॅल्यूट चुकतो. मी येऊन दाखवतो."

"ये की! या वर्षी सेनापती करू. दोघं मिळून."

"सेनापती नाही हो, कमांडर."

"तोच तो रे."

त्या दिवशी काका भाजी चिरतानाही शीळ घालत होते.

गुरुवारी तुआसच्या कामावरून परतताना बसमध्येच त्यांचं हृदय थांबलं.

यशोधन गणवेशातच घरी आला. रॅकवर शिपाई रांगेत उभे होते, रंगवून वाळलेले. त्यांच्या पुढे एकाची जागा मोकळी होती. कमांडर करायचा राहिला होता. त्याची माती काकांनी मळून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती.