कुणाची होडी दारी आली

पदर कमरेला खोचून, दोन्ही पाय घट्ट रोवून ती विहिरीच्या काठावर उभी राही आणि दोराला हात घालण्याआधी मागे वळून म्हणे, "झील धरा गो कुनी." मागे आम्ही कळश्या घेऊन उभ्या असू. झील कुणीच धरत नसे.

जालन्यात स्टेशनाच्या मागे आमची आळी होती. तिचा नवरा रेल्वेच्या दुरुस्तीच्या टोळीत, आणि ती कोकणातल्या कोळ्यांची लेक. आळी तिला दर्यावाली म्हणे. तुम्ही म्हणाल, निजामाच्या मुलखात, जिथं उन्हाळ्यात कुंडलिका नदीतही पाय भिजत नाही, तिथं दर्यावालीचं काय काम? आम्हीही तेच म्हणत होतो.

तिच्या गावी होड्या परतल्या की बायका दोर धरून त्या वाळूवर ओढत. एकीनं गाऊन विचारायचं, "कुनाची होडी दारी आली?" आणि बाकीच्यांनी ओढता ओढता झील धरायची, म्हणजे गाऊनच ओ द्यायची, "माझी गो, माझी." तेच गाणं ती बादली ओढताना म्हणे. विचारी आणि ओ यायला लागेल तेवढा वेळ दोर ताणून थांबे. मग पुढची ओळ. तिच्या त्या थांबण्यापायी आमचं पाणी रखडायचं आणि आम्ही मागं कुरकुरायचो.

एकदा मी म्हटलं, मग ती ओही तूच का देऊन टाकत नाहीस? ती दचकलीच.

"आपनच हाक मारायची नि आपनच ओ द्यायची, तर होडी दारी नाय येत," ती म्हणाली.

मला वाईट वाटलं. पण शेजारी माझ्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांचं मत ठाम होतं. "झील धराया आपुन काय तमाशातल्या हावोत का?" सासूबाईंपुढं बोलायची आळीत कुणाची छाती नव्हती, मग माझी कुठून असणार?

रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षी तिचा नवरा टोळीबरोबर परभणीकडे गेला आणि तिकडेच अडकला. गाड्या कधी येत, कधी येत नसत. त्याची खबर नव्हती. ती रोज स्टेशनावर विचारून येई, विहिरीवर येई, गाई, थांबे.

मग एका संध्याकाळी ती मुकाट्यानं पाणी ओढू लागली. मागे वळलीसुद्धा नाही. रहाट तेवढा करकरत होता. इतके दिवस आम्हाला ते गाणं नको नको झालं होतं, पण त्या शांततेत मला उभं राहवेना.

सासूबाईंनी घागर खाली ठेवली. "गप का गं बया? म्हन की."

तिनं मान हलवली. मग कसंबसं, तुटक्या आवाजात विचारलं, "कुनाची होडी दारी आली?"

"माझी गो, माझी," सासूबाई म्हणाल्या. भसाडा, सूर नसलेला आवाज. त्यांचं कुंकू पुसून कितीतरी वर्षं झाली होती. मग मी ओ दिली, मग सगळ्या विहिरीनं. ती रडत होती आणि ओढत होती. बादली इतकी झरझर वर आली की निम्मं पाणी आमच्याच अंगावर सांडलं.

गडबड निवळल्यावर तो आला. वाळलेला, दाढी वाढलेला, पण आला. सासूबाईंनी त्याचं श्रेय बिनदिक्कत स्वतःकडे घेतलं. त्यानं मात्र नोकरी सोडली आणि तिला घेऊन गावी जायला निघाला. आम्हीच झील धरली आणि आम्हीच तिला घालवून बसलो.

मनमाडच्या गाडीच्या खिडकीतून तिनं विचारलं, "कुनाची होडी?" फलाटावरून आम्ही दोघी सासू-सुनांनी ओ दिली. लोक बघत राहिले.

पुढं सासूबाई गेल्या. आळीही पांगली. आता घरात नळ आहे आणि मी एकटी आहे. भरलेली कळशी उचलताना अजून तोंडून निघतं, कुणाची होडी दारी आली? मी थोडी थांबते. ओ मात्र देत नाही.