हिरवा रंग बरोबर आहे

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. शाळा तालुक्याच्या गावी झाली, पुढे ठाण्यातल्या कॉलेजात भूगोलाच्या सरांनी मला हाताला धरून शिकवलं आणि त्यांच्याच हाताखाली पहिलं काम मिळालं. त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

काम समजायला सोपं होतं. उपग्रहाच्या फोटोवरून झाडाझुडपांचा नकाशा तयार झालेला असतो. तो खरा आहे का, हे जागेवर जाऊन बघायचं. मोबाइलवर पॉइंट यायचे. तिथे उभं राहायचं, चारी बाजूंना बघायचं आणि नकाशा बरोबर की चूक ते भरायचं. डोंबिवलीत एक पॉइंट सोसायटीच्या आवारात पडला, तर वॉचमन म्हणाला, "झाडं बघायला आलात? आधी आमचा टँकर बघा, सकाळपासून आला नाही." मला हसू आलं. तसे दिवस बरे जायचे.

दिवा गावाच्या खाडीकडचा पॉइंट नकाशात गर्द हिरवा होता. हिरवा म्हणजे खारफुटी, तिथले लोक तिला तिवर म्हणतात. मी पोचलो तो फुटक्या लाद्या आणि सिमेंटच्या ढेकळांवर. भराव झाला होता. पलीकडे तिवरांचा एक पट्टा तेवढा उरला होता आणि त्याच्या कडेला एक वयस्कर बाई चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, टोपली घेऊन बसली होती.

मी 'चूक' भरणार होतो, पण नियम आठवला. फोटो काढला त्या दिवशी तिथे काय होतं, तेवढंच तपासायचं. नंतर काही बदललं, तर तो नकाशाचा दोष नाही. फोटो आधीच्या हिवाळ्यातला होता आणि त्यात झाडं स्पष्ट दिसत होती. ढेकळांवर उभं राहून मी 'बरोबर' भरलं.

"काय लिवतंस रं बाला? बिल्डरचा हायस काय?"

"नाही मावशी. झाडांचा नकाशा तपासतोय."

"झारं? कनची झारं? डोले फुटले काय तुजे?" ती हसली. मग उठून आली आणि माझ्या मोबाइलमध्ये वाकून बघू लागली. "ह्ये हिरवं काय हाय?"

"ही तुमची तिवरं. फोटोत आहेत अजून."

ती म्हणाली, "सरकारच्या कागदावर हायती? मंग कोन हात लावील त्यांना?"

मला माझे वडील आठवले. सातबाऱ्यावर आलं की पक्कं, असं तेही म्हणायचे. कागदावर असलेलं जमिनीवर असतंच, हा विश्वास मीही घरातूनच घेऊन आलो होतो. हा फोटो आधीच्या हिवाळ्यातला आहे, एवढंच मी तिला सांगितलं.

मग तिने तिची गोष्ट सांगितली. उरलेला पट्टा वाचावा म्हणून गावातल्या बायका सरकारी ऑफिसात गेल्या होत्या. तिथे साहेब म्हणाले, तिकडे कधी झाडं नव्हतीच, पडीक जागा आहे. "आमच्या तोंडाचं कोन ऐकत नाय. ह्यो कागद दे ना मला. साहेबाच्या पुढ्यात टाकते."

नकाशा माझा नव्हता. विचारून सांगतो म्हणालो.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. तपासणी पूर्ण होऊन अहवाल मंजूर होईपर्यंत नकाशा बाहेर देता येत नव्हता. तरी ज्यांनी काम दिलं होतं त्यांना सरांनी माझ्यासमोर परवानगीसाठी मेल लिहिला, नंतर दोनदा फोनही केला. उत्तर आलं नाही. सरांना बोल लावावा असं काही नव्हतं, आणि त्यामुळेच अधिक वाईट वाटलं. तिथे कोणाशी भांडावं हेच कळत नव्हतं.

अहवाल मंजूर झाला तेव्हा पावसाळा सरला होता. आमचा नकाशा चांगला ठरला, सरांनी सगळ्यांना वडापाव खाऊ घातला. दुसऱ्या दिवशी मी नकाशाची रंगीत प्रत घेऊन शीळफाट्यावरून रिक्षा केली आणि दिव्याला गेलो.

तिवरांचा पट्टा नव्हता. त्या जागी पत्रे ठोकलेले होते. बाई तिच्या दारात निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातली मासळी, साफ करत होती, बाजारातून विकत आणलेल्या. मी प्रत पुढे केली. तिने ओले हात लुगड्याला पुसले, कागद घेतला, हिरव्या रंगावर बोट ठेवलं.

"हीच. हीच होती बघ," ती शेजारणीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "परत कारतात काय रं फोटो?"

"हो मावशी. दरवर्षी."

"मंग पुढल्या कागदात हितं कंचा रंग येल?"

खोटं बोलवेना. "करडा," मी म्हणालो. "मोकळ्या जमिनीचा."

"आनि त्यो पन बरोबर असंल?"

"हो."

तिने कागदाची नीट घडी केली आणि पदराखाली ठेवली. "मंग तवा नको येऊ दाखवाया," ती म्हणाली, आणि पुन्हा निवट्या साफ करायला लागली.