शिट्टीकाका

कुणाच्याही घरी गेले, की मोठे काका पाणी पिण्याआधी कुकरचं झाकण मागायचे. कुकर तेव्हा नुकते घरोघरी येत होते आणि बायका त्याला जरा बिचकूनच असत. काका झाकण उलटं करून रबर चाचपत, शिट्टी काढून तिच्या भोकात फुंकर मारत आणि झाकण परत देताना म्हणत, "बघून घेतलेलं बरं." थोरल्या मुलीचं लग्न ठरवायला गेले, तिथंही त्यांनी हेच केलं. वर, "मानपान वगैरे नंतर ठरवू, आधी हे रबर बदला," असं वरमाईला सांगून आले. लग्न जमलं, पण काकू पुढे आठ दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. आम्ही मुलं त्यांना शिट्टीकाकाच म्हणायचो.

ते सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर होते. कारखान्यात वाफ तयार करणारी ती अवाढव्य लोखंडी टाकी वर्षातून एकदा विझवून, रिकामी करून ठेवायची. मग इन्स्पेक्टरने आत शिरून ती तपासायची आणि त्याची सही झाल्याशिवाय ती पुन्हा पेटवायची नाही, असा कायदा. पिंपरी, चिंचवड, भोसरी, जिकडे बघावं तिकडे माळावर नवे कारखाने उठत होते आणि इन्स्पेक्टर मात्र मोजकेच. काका बसने, नाहीतर सायकलने फिरत. संध्याकाळी चिंचवडच्या घरी आले, की पायरीवरच बसत. "बसू दे जरा," एवढंच म्हणत. काजळी त्यांच्या कानांच्या वळ्यांत, नखांत कायमची मुरलेली असे. काकू म्हणायच्या, "आत शिरताना मी ह्यांना कधी पाहिलं नाही. बाहेर आल्यावरचे कपडे मात्र मीच धुतले."

दिवाळीत कारखान्यांकडून मिठाईचे पुडे येत. ते परत करण्याचं काम काकूंकडे असे. त्यांच्या दोन्ही मुली दारामागे उभ्या राहून पुडे परत जाताना बघत. त्या दिवशी मग काका ऑफिसातून येताना स्वतः बर्फी आणत आणि मुलींची गणितं सोडवायला बसत. दोन गणितं झाली, की त्यांचा डोळा लागे.

माझे वडील त्यांचे धाकटे भाऊ. भोसरीला कापड रंगवायच्या एका लहान कारखान्यात ते स्टोअर सांभाळत, आणि कारखान्याजवळच दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. त्या कारखान्याचा बॉयलर जुना, कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतून आणलेला. तो तपासायची पाळी काकांवर आली, तेव्हा त्यांनी वरिष्ठांना सांगितलं होतं, की तिथं माझा भाऊ आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. दुसरं कुणी नव्हतं. आदल्या रविवारी बाबा त्यांना एवढंच म्हणाले, "दादा, दिवाळी तोंडावर आलीय. काही असलं तर दिवाळीनंतर बघ."

काका म्हणाले, "वाफेला दिवाळी कळत नाही रे."

त्या दिवशी मी बाबांचा डबा द्यायला गेले होते. दहा वर्षांची असेन. बॉयलरच्या झरोक्याएवढ्या तोंडातून आधी काकांचे पाय बाहेर आले, मग कंबर, मग काळंभोर तोंड. हातात पत्रे ठोकून बघायची त्यांची छोटी हातोडी. भोवती कामगार गोळा झालेले. काकांनी पाणी मागितलं, चूळ भरली आणि मालकाला म्हणाले, "खालचे पत्रे पातळ झालेत. मी सही करणार नाही."

कोळसा टाकणारे शंकरराव जवळच्या गावचे, वयस्क. ते पुढे झाले. "सायेब, आमी रोज ह्याच्याम्होरंच बसतो. काय न्हाई होत."

"तुम्ही समोर बसता म्हणूनच," काका म्हणाले.

बाबा मागे उभे होते. भोसरीत काम असलं, की काका आमच्याकडे जेवत. आईने त्यांच्यासाठी वांग्याचं भरीत केलं होतं. पण मला पाहून ते म्हणाले, "आईला सांग, मी आज येत नाही."

कारखाना साडेतीन महिने बंद राहिला. आईने ब्लाउज शिवायला घेतले. नळावर तिला पाहून बाया गप्प होत आणि ती हंडा अर्धाच भरून परत येई. मालकाने वर अर्ज केला. डागडुजी झाली, दुसरे अधिकारी आले, त्यांनी बॉयलर पास केला आणि कारखाना पुन्हा सुरू झाला. पुढची कितीतरी वर्षं तो बॉयलर बिनघोर चालला. काही म्हणता काही झालं नाही. त्यामुळे सगळ्या भोसरीत एकच बोलणं राहिलं, की सख्ख्या भावाने उगाच पोटावर पाय दिला.

बाबांनी काकांशी बोलणं सोडलं. काका मात्र रविवारी येत राहिले. बाहेरच्या खोलीत बसत, माझी वही बघत, आईने दिलेला चहा पीत. बाबा समोरच वर्तमानपत्र धरून असत. वर्षाकाठी एकदा ते पेपराआडून आईला म्हणत, "त्यांना सांग, बॉयलर पास झाला. चालू आहे अजून."

आईला सांगावं लागत नसे. काका म्हणत, "बरं झालं. चालू दे." त्यात टोमणा नसे. खरंच हायसं वाटल्यासारखं म्हणत, आणि चपला घालत. मी मोठी होत गेले तसे त्यांचे खांदे खाली येत गेले. पुढेपुढे आमचे दोन जिने चढल्यावर ते पाच मिनिटं बोलतही नसत.

निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांची उजवी बाजू गेली. मुली सासरी, काकूंची कंबर धरलेली. बातमी कळली त्या संध्याकाळी बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून ते सकाळच्या पहिल्या बसने चिंचवडला जायला लागले. काकांना अंघोळ घालायची, दाढी करायची आणि तिथूनच कामावर जायचं. सुट्टीच्या दिवशी मीही जाई. दोघे भाऊ कामापुरतं बोलत. पाणी गरम आहे का, हात उचल, एवढंच.

काका गेले, त्याच्या महिनाभर आधीची एक सकाळ मला आठवते. बाबा त्यांच्या गालाला साबण लावत होते. मध्येच थांबून म्हणाले, "दादा, खरं सांग. तो फुटला असता का?"

काकांची जीभ जड झाली होती. एकेक शब्द शोधत ते म्हणाले, "माहीत नाही. तेव्हाही नव्हतं."

"मग?"

"खात्री असती, तर... सोपं होतं. खात्री नव्हती, म्हणून बंद केला." थोड्या वेळाने म्हणाले, "तू आत होतास."

गालावरचा साबण वाळायला लागला. मग बाबांनी तो पुन्हा ओला केला, काकांच्या हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि म्हणाले, "मान वर कर, दादा."